जोडलेल्या हार्ड डिस्कवरून कन्सोलचे गेम: पंचवीस वर्षांची पार्श्वभूमी

पीएस फोरच्या (सोनीच्या प्लेस्टेशन फोर या, टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलच्या) दिवसांत घेतलेली एक किंवा दोन टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घरात आहे, पुढे पीएस फाइव्ह आला, आणि तीच डिस्क त्याला जोडली तर जुने गेम सुरळीत चालतात, नवे मात्र आधी कन्सोलच्या स्वतःच्या स्टोरेजमध्ये हलवायला सांगतात. असे का, हा प्रश्न पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानांपासून कॅम्पातल्या दुकानांपर्यंत कुठेही विचारला, तर ‘कंपनीनेच बंद केले आहे’ असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. ते अर्धेच खरे आहे. जोडलेल्या डिस्कवरून गेम चालू द्यायचा की नाही, हे प्रत्येक पिढीत दोन गोष्टींनी ठरत आले: गेम ज्या माध्यमातून वाचण्यासाठी लिहिला गेला त्याच्यापेक्षा ती डिस्क वेगवान आहे की संथ, आणि तिच्यावर हुकमत कंपनीची राहते की ग्राहकाची.

कार्ट्रिजच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण गेम चिपमध्ये असे आणि प्रोसेसर तो थेट वाचत असे. १९९४ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनने सीडी स्वीकारली आणि वाट पाहणे हा खेळाचाच भाग झाला. त्याची दुप्पट वेगाची सीडी ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ३०० केबी वाचत असे आणि मुख्य मेमरी होती २ एमबी, म्हणजे ती एकदा पूर्ण भरायलाच सात सेकंदांच्या आसपास वेळ जाई. मेमरी कार्ड होते, पण त्याची क्षमता १२८ केबी. त्यात खेळाची प्रगती जपता येई, खेळ नव्हे.

कन्सोलमध्ये कारखान्यातूनच हार्ड डिस्क बसवून देण्याची सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सने नोव्हेंबर २००१ मध्ये केली. तिची क्षमता ८ जीबी होती आणि तिच्यावर प्रत्येकी ७५० एमबीचे तीन विभाग केवळ गेमच्या तात्पुरत्या वापरासाठी राखलेले होते. डीव्हीडीवरील पुन्हा पुन्हा लागणारा भाग तिथे उतरवून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तिथूनच वाचायचा, अशी ती योजना होती. गाण्यांच्या सीडी डिस्कवर उतरवून काही गेममध्ये आपलीच गाणी वाजवण्याचीही सोय होती. मात्र ही डिस्क एका पासवर्डने त्या विशिष्ट यंत्राशीच बांधलेली असल्यामुळे बाजारातून मोठी डिस्क आणून बसवणे सरळ मार्गाने शक्य नव्हते. वेग दिला, हुकूमत दिली नाही. शिवाय या सोयीची किंमत कंपनीला जड गेली, कारण चिपा वर्षागणिक स्वस्त होतात, पण मोटर, तबकड्या आणि वाचणारे हेड या यांत्रिक भागांमुळे हार्ड डिस्कची किंमत एका मर्यादेखाली उतरत नाही.

सोनीने पीएस टूच्या बाबतीत वेगळा मार्ग धरला. यंत्राच्या मागच्या बाजूला रिकामा कप्पा ठेवला आणि डिस्क स्वतंत्रपणे विकली. ४० जीबीची ही डिस्क जपानमध्ये २००१ साली आली, ‘फायनल फँटसी इलेव्हन’ या ऑनलाइन गेमला २००२ मध्ये तिथे ती आवश्यक ठरली, आणि अमेरिकेत मार्च २००४ मध्ये ती त्याच गेमसोबत पोहोचली. पण अधिकृतपणे तिचा उपयोग करणारे गेम थोडेच निघाले, आणि ज्या वर्षी ती अमेरिकेत आली त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या सडपातळ पीएस टूमध्ये तिच्यासाठी कप्पाच उरला नव्हता.

तरीही या कप्प्याने इतिहास घडवला, तो बाहेरच्यांच्या हातून. २००४ मध्येच ‘एचडी लोडर’ नावाचा प्रोग्रॅम विक्रीला आला. अख्खी गेम डिस्क हार्ड डिस्कवर उतरवायची आणि पुढे मूळ डिस्क न घालताच खेळायचे, एवढेच त्याचे काम. लोडिंग कमी झाले, लेन्सची झीज थांबली आणि डिस्कवर ओरखडे पडण्याची भीती गेली. पण भाड्याने आणलेली किंवा मित्राकडून मागून घेतलेली डिस्कही तितक्याच सहजतेने उतरवता येत होती, आणि सोनीचा विरोध नेमका तिथे होता. विकत घेतलेली डिस्क ड्राइव्हमध्ये असणे हीच तोवर मालकीची खूण होती. हार्ड डिस्कने ती खूण निरर्थक केली, आणि पुढच्या वीस वर्षांतील बरीचशी ओढाताण ती खूण दुसऱ्या कुठल्या रूपात परत आणायची यावरूनच झालेली दिसते.

पुढे हौशी मंडळींनी मिळून ‘ओपन पीएस टू लोडर’ तयार केला आणि यूएसबीवरून, तसेच घरातल्या संगणकावरून नेटवर्कद्वारेही गेम चालू लागले. येथे वेगाची बाजू उलटली. पीएस टूचे यूएसबी पोर्ट जुन्या १.१ जातीचे, म्हणजे कागदावरसुद्धा सेकंदाला दीड एमबीच्या पुढे न जाणारे, तर त्याचीच डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला साडेपाच एमबीपर्यंत वाचू शकणारी. त्यामुळे यूएसबीवरून गेम सुरू होई, पण मधला व्हिडिओ आला की अडखळे आणि आवाज तुटे. अनेकांनी दोष हार्ड डिस्कला दिला, तर काहींनी महागडी डिस्क आणून पाहिली. अडचण डिस्कची नव्हती, पोर्टची होती. त्यातच फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवता येत नसल्याने मोठे गेम तुकडे करून टाकावे लागत.

पीएस टू भारतात दीर्घकाळ टिकला आणि पुण्यातही ‘चिप बसवलेला’, म्हणजे नक्कल केलेल्या डिस्कही चालाव्यात म्हणून आत चिप लावलेला, पीएस टू हा शब्दप्रयोग रुळला. चिप बसवणे, लेन्स बदलणे आणि ‘डिस्कवर गेम टाकून देणे’ ही कामे बहुतेक एकाच काउंटरवर होत. या ठिकाणी विजेचा उल्लेख केला पाहिजे, कारण हार्ड डिस्कच्या इतिहासात तो सहसा येत नाही. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइलींची सूची बिघडू शकते आणि कधीकधी पूर्ण डिस्क पुन्हा फॉरमॅट करावी लागते. ज्या वर्षांत महाराष्ट्रभर भारनियमन नित्याचे होते, त्याच काळात, २००६ पासून, उद्योगांच्या स्वतःच्या वीजसंचांचा उपयोग करून आणि ग्राहकांकडून थोडा अधिक आकार घेऊन पुणे शहर भारनियमनमुक्त ठेवण्याची योजना राबवली गेली, आणि ती ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखली गेली. तिच्या कागदपत्रांत गेमचा विचार अर्थातच कोणी केला नसेल, पण फिरत्या तबकड्यांच्या यंत्रांना तिचा लाभ झाला, असे मानायला हरकत नाही.

पुढच्या पिढीत दोन्ही कंपन्यांनी आपापल्या भूमिका जणू अदलाबदल केल्या. एक्सबॉक्स ३६० (२००५) मध्ये हार्ड डिस्क वेगळी काढता येणारी आणि स्वस्त आवृत्तीत मुळीच नसलेली, तिची बांधणी कंपनीची खास, म्हणून दर जीबीचा भाव साध्या डिस्कपेक्षा बराच अधिक. पीएस थ्रीमध्ये (२००६) मात्र लॅपटॉपमध्ये असते तशी अडीच इंची साधी साटा डिस्क होती, आणि ती ग्राहकाने स्वतः बदलावी याला सोनीची परवानगी होती. २०११च्या अखेरीस थायलंडमधील पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर किमती चढल्या, तेवढा अपवाद वगळता पीएस थ्रीची जागा वाढवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग राहिला. यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर पीएस थ्री फक्त गाणी, चित्रे, व्हिडिओ, खेळाची जपलेली प्रगती आणि बॅकअप स्वीकारत असे. ऑगस्ट २०१० मध्ये ‘पीएस जेलब्रेक’ नावाचा छोटा यूएसबी डोंगल आला आणि गेम बाहेरच्या डिस्कवरून चालू लागले. काही आठवड्यांतच सोनीने अपडेट काढून ती वाट बंद केली.

३६० वर नोव्हेंबर २००८च्या मोठ्या अपडेटने पूर्ण गेम हार्ड डिस्कवर उतरवण्याची अधिकृत सोय दिली. ड्राइव्हची घरघर थांबली, लोडिंग बऱ्याच गेममध्ये कमी झाले, पण मूळ डिस्क आत ठेवणे बंधनकारकच राहिले. वेगासाठी हार्ड डिस्क आणि मालकीच्या पुराव्यासाठी डीव्हीडी, अशी ही विभागणी मला त्या काळातील सर्वांत प्रामाणिक तडजोड वाटते. एप्रिल २०१० पासून यूएसबीवर १६ जीबीपर्यंत जागा वापरता येऊ लागली.

‘उतरवला की वेगवान’ हा समज मात्र सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या ‘जीटीए फाइव्ह’ने खोटा ठरवला. ३६० वर हा गेम दोन डीव्हीडींवर होता. पहिली, सुमारे ८ जीबीची, उतरवणे सक्तीचे होते आणि दुसरी ड्राइव्हमध्ये ठेवून खेळायचे होते. धावत्या गाडीसमोर शहर उभे करण्यासाठी हा गेम हार्ड डिस्क आणि डीव्हीडी या दोन्हींमधून एकाच वेळी माहिती ओढत असे. कोणी हौसेने दुसरी डीव्हीडीही त्याच हार्ड डिस्कवर उतरवली, तर सगळा भार एकाच हेडवर पडून रस्ते आणि इमारती उशिरा उमटत. दुसरी डिस्क उतरवू नये, असा सल्ला खुद्द हा गेम काढणाऱ्या रॉकस्टारने दिला होता.

कायद्याची बाजू आपल्याकडे याच काळात बदलली. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कायदेशीर ताब्यातील संगणक प्रोग्रॅमची प्रत, मूळ प्रत गहाळ होण्यापासून किंवा बिघडण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, करण्यास वाव आहे. पण २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आणले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास त्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पीएस फोर आणि एक्सबॉक्स वन (दोन्ही नोव्हेंबर २०१३) आले तेव्हा चित्र सरळ झाले: गेम आतल्या डिस्कवर उतरवणे सक्तीचे, म्हणजे हार्ड डिस्क हेच आता मूळ माध्यम. मग बाहेरच्या डिस्कला विरोध करण्याचे तांत्रिक कारण उरले नाही, आणि डाउनलोड केलेला गेम कंपनीच्या खात्याशी बांधलेला, तर डिस्कवर घेतलेल्या गेमसाठी ती डिस्क आत असणे आवश्यक, यामुळे हुकूमतीची भीतीही ओसरली. एक्सबॉक्स वनने जून २०१४ मध्ये किमान २५६ जीबीची यूएसबी ३.० डिस्क स्वीकारली. पीएस फोरने मार्च २०१७च्या ४.५० अपडेटमध्ये २५० जीबी ते ८ टीबीपर्यंतच्या डिस्कला मान्यता दिली, मात्र एका वेळी एकच आणि यूएसबी हबशिवाय थेट जोडलेली. बाहेरची डिस्क आतल्यापेक्षा वेगवान असेल तर गेम उलट लवकर लोड होई. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’ दोन ब्ल्यू-रे डिस्कवर आला आणि जवळपास १०० जीबी जागा घेऊन बसला, तेव्हा ५०० जीबीचा पीएस फोर वापरणाऱ्यांना बाहेरची डिस्क ही चैन राहिली नाही.

हे सुख एका पिढीपुरतेच टिकले, आणि त्याचे कारण मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीत आहे. सलग वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते, पण ठिकठिकाणी विखुरलेले तुकडे शोधायचे झाले तर हेड सरकण्यात आणि तबकडी फिरून यायची वाट पाहण्यात वेळ जातो, आणि सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणांच्या पुढे मजल जात नाही. त्यावर उपाय म्हणून गेम बनवणारे एकच वस्तू अनेक जागी लिहून ठेवत. पीएस फाइव्हचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील सादरीकरणात ‘स्पायडर-मॅन’चे उदाहरण दिले होते. रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या काही वस्तूंच्या त्यात चारशे-चारशे प्रती होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या, आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आलेल्या, पीएस फाइव्हच्या ८२५ जीबीच्या एसएसडीचा (फिरती तबकडी नसलेल्या, चिपांवरच्या साठवणीचा) वेग सेकंदाला ५.५ जीबी, आणि नवे गेम हा वेग गृहीत धरूनच लिहिले जाऊ लागले. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये तो २.४ जीबी आहे. यूएसबीवरची हार्ड डिस्क दोन्हींच्या जवळपासही पोहोचत नाही.

तेव्हा आजचा नकार मुख्यतः वेगाचा आहे, कुलपाचा नाही. एप्रिल २०२१ पासून पीएस फाइव्हचे गेम यूएसबी डिस्कवर साठवता येतात, चालवता येत नाहीत. चालवण्यासाठी जोडायची वस्तू वेगळी: सप्टेंबर २०२१च्या अपडेटने खुला झालेला एम.२ (छोट्या पट्टीच्या आकाराच्या) एसएसडीचा कप्पा, ज्यात सेकंदाला ५,५०० एमबी किंवा अधिक वेगाची आणि उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी लावलेली कोणत्याही कंपनीची एसएसडी चालते. मायक्रोसॉफ्टने मात्र पुन्हा आपल्याच बांधणीचे कार्ड आणले, आणि भावाबाबतची जुनी तक्रारही त्यासोबत परतली.

जुनी हार्ड डिस्क म्हणून निरुपयोगी ठरत नाही. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या इंटरनेट जोडणीवर डाउनलोड करायला सव्वादोन तास लागतात, तर हार्ड डिस्कवरून आत आणायला सतरा-अठरा मिनिटे. ज्या गेमच्या पीएस फोर आणि पीएस फाइव्ह अशा दोन्ही आवृत्त्या मिळतात, त्यांच्या बाबतीत तर एकाच डिस्कवर दोन्ही ठेवून पाहता येईल: पीएस फोरची आवृत्ती तिथूनच चालू होईल आणि पीएस फाइव्हची आधी आत हलवावी लागेल.