घाट चढलो, पण उतरलोच नाही

आमचे आप्पा यावल तालुक्यातले, केळीवाले. मागच्या उन्हाळ्यात त्यांना जळगावहून संभाजीनगरला घेऊन चाललो होतो. पहूर गेलं, फर्दापूर गेलं, घाट चढलो, अजिंठा गाव आलं, मग गोळेगाव, मग सिल्लोडही आलं, आणि तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "डोंगर चढलो ना भो आपन, मंग उतरलो काहून नाही?"

प्रश्न ऐकून आधी हसू आलं पण आप्पांचं बरोबर होतं. सातपुडा ओलांडून खरगोनकडे जा, चढायचं तेवढंच उतरायचं असतं, डोंगर म्हणजे तसाच असतो असं आपल्या डोक्यात बसलेलं. इथं मात्र चढलो ते चढलोच. कन्नड घाटाचंही तसंच, चाळीसगावहून वर गेलात की कन्नडपर्यंत उतार शोधत बसा.

घरी आल्यावर म्हटलं हे चित्र काढूनच दाखवू. भूगोलाच्या प्रॅक्टिकलला केलेलं आठवत असेल, नकाशावर कागदाची पट्टी ठेवायची, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, जिथं जिथं पट्टीला कापतात तिथं खूण करायची, प्रत्येक खुणेची उंची आलेखावर घ्यायची आणि ठिपके जोडायचे, झाला जमिनीचा छेद, म्हणजे केक कापून बाजूने बघितल्यासारखं. आता हेच काम क्यूजीआयएससारखं नकाशांचं फुकटचं सॉफ्टवेअर दोन मिनिटांत करतं, फक्त त्याला समोच्च रेषा नाही तर उंचीचे आकडे लागतात.

हे आकडे कुठून येतात ती गोष्ट मला फार आवडते. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर नावाचं अमेरिकेचं अवकाशयान 11 दिवस पृथ्वीभोवती फिरलं, त्यात एक रडार अँटेना यानात आणि दुसरा 60 मीटर लांब दांड्याच्या टोकाला. जमिनीवरून परत आलेली एकच लहर दोन्ही अँटेनांना किंचित वेगळी भेटते, त्या फरकातून उंची काढायची. आपले दोन डोळे अंतर ओळखतात तसलाच प्रकार समजा. त्यातून जगाच्या बहुतेक जमिनीचा उंचीचा डेटा तयार झाला, त्याला एसआरटीएम म्हणतात. आपल्या इस्रोचा पण आहे, 2005 च्या कार्टोसॅट-1 ने दोन कॅमेऱ्यांनी घेतलेल्या फोटोंवरून बनवलेला कार्टोडीईएम, तो इस्रोच्याच भुवन नावाच्या नकाशांच्या पोर्टलवर मिळतो.

एसआरटीएमचा डेटा एक अंश बाय एक अंश अशा चौकोनांत येतो. मी रेघ ठरवली नर्मदेवरच्या महेश्वरपासून सरळ दक्षिणेला, जळगाववरून सिल्लोडपर्यंत, कारण ही तिन्ही गावं जवळपास एकाच रेखांशावर येतात. त्यासाठी तीन चौकोन लागले, एकाखाली एक. एकेका चौकोनात 3601 गुणिले 3601 आकडे, म्हणजे जवळजवळ 1 कोटी 30 लाख, आणि प्रत्येक आकडा साधारण 30 मीटरच्या एका घरासाठी, म्हणजे जमिनीच्या तेवढ्या चौकोनी तुकड्यासाठी. त्या घरात विहीर असो की उकिरडा, उंची एकच.

पहिल्या झटक्यात काहीच दिसलं नाही. नवीन क्यूजीआयएसमध्ये इलेव्हेशन प्रोफाइलची खिडकी आतच आहे, पण लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आधी सांगावं लागतं की बाबा हा उंचीचा लेयर आहे, नाहीतर तो त्याला साधं चित्र समजतो आणि खिडकी कोरीच राहते. पुढची गंमत म्हणजे महेश्वर ते सिल्लोड अंतर आलं 1.9. कसले 1.9? तर अंश! डेटा अक्षांश-रेखांशात होता आणि मी तसाच वापरला. अंशात अंतर मोजणं म्हणजे वजन फुटात सांगण्यासारखं आहे, कारण खान्देशात उत्तर-दक्षिण एक अंश जवळपास 111 किलोमीटरचा आणि पूर्व-पश्चिम एक अंश 104 च्या आसपासचा. सगळं यूटीएमच्या, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या, 43 उत्तर झोनमध्ये बदलून घेतल्यावर कुठं 208 किलोमीटर आले.

पण खरी भानगड पुढं आहे. लॅपटॉपच्या 30 सेंटीमीटरच्या स्क्रीनवर 208 किलोमीटर बसवले तर 1 सेंटीमीटर म्हणजे 7 किलोमीटर, आणि त्याच मापाने 1000 मीटर उंचीचा डोंगर काढला तर तो होतो दीड मिलिमीटरसुद्धा नाही. आप्पांना तसं दाखवलं तर म्हणाले, "हे तं दोरी ताणल्यासारखं दिसतं." म्हणून सगळेच उभं माप ताणतात, दहापट, वीसपट, आणि सॉफ्टवेअर तर न विचारता ताणतं. त्यात वाईट काही नाही, फक्त किती ताणलं ते लिहायला पाहिजे. कारण 30 अंशाचा उतार दहापट ताणला की 80 अंशाचा कडा दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं सातपुडा म्हणजे भिंतच आहे.

दहापट ताणल्यावर मात्र आप्पांचं उत्तर समोर आलं. डावीकडे नर्मदा, मग सातपुडा वर चढून 600 मीटरच्या पुढं जातो आणि पुन्हा खाली येतो, दोन्ही बाजूंनी उतार, म्हणजे अस्सल डोंगर. मग तापीचं खोरं, नदी 200 मीटरपेक्षा कमी उंचीवर. तिथून जळगाव करत जमीन हळूहळू चढते, आणि अजिंठ्याला एकदम उभी होते, आणि पुढं... पुढं खाली येतच नाही. साडेपाचशे-सहाशे मीटरवर सिल्लोडपर्यंत पठारच. अजिंठ्याला आपण खालून बघतो म्हणून डोंगर म्हणतो, पण ती पायरी आहे, दख्खनच्या पठाराची कड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले, त्यात तापीचा पट्टा जमिनीतल्या भेगांच्या मधोमध खचलेला मानतात, आणि नद्या ती कड अजून कुरतडतायत. पायरीच्या अलीकडचं पाणी तापीतून अरबी समुद्राला, पलीकडचं पूर्णेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागराला.

रेघ कुठं मारता त्यावरही खूप आहे. हीच रेघ थोडी पूर्वेला सरकवली तर ती अजिंठ्याच्या लेण्यांजवळ वाघूर नदीच्या घळईत पडते आणि पायरीला मोठा चावा घेतल्यासारखं दिसतं. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत शिरलेल्या लाव्हाच्या भिंती आहेत, डाइक म्हणतात त्यांना, बहुतेक पूर्व-पश्चिम पळणाऱ्या. तिथं उत्तर-दक्षिण छेद घेतला तर एकामागे एक सुळके उठतात आणि पूर्व-पश्चिम घेतला तर काहीच नाही, रेघ दोन भिंतींच्या मधून निघून जाते.

अजून एक, मोबाईलच्या जीपीएसची उंची आणि ही उंची जुळली नाही तर घाबरू नका. एक पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासून मोजतं, दुसरं समुद्रसपाटीपासून, आपल्याकडे त्या दोघांत 50 मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. अरुंद कडे आणि नाले 30 मीटरच्या घरात गुळगुळीत होतात आणि धरणाच्या ठिकाणी तळ नाही, पाण्याचा पृष्ठभाग मिळतो.

आप्पांना या सगळ्यात इंटरेस्ट नव्हता. त्यांनी बोट ठेवलं सातपुड्याच्या पायथ्यावर, जिथं रेघ एकदम आडवी न होता ताटाच्या काठासारखी वळत तापीकडे उतरते. "आपला मळा इथं ना?" हो, तिथंच. डोंगरातून सुटलेले नाले सपाटीवर आले की जोर संपतो, मग दगडगोटे, रेती तिथंच टाकतात, त्याचा हा उतार, बझाडा म्हणतात. याच गोट्यांत नाल्यांचं पाणी मुरतं आणि यावल-रावेरच्या बोअरला मिळतं.

"मंग पानी किती खाली हाये ते दाखव."

ते या चित्रात नाही, ही रेघ जमिनीच्या वरच्या अंगाचीच आहे. खालची रेघ काढायला बोअर मारणाऱ्याची वही लागते, कितव्या फुटाला पिवळी माती, कितव्याला रेती, कितव्याला गोटा लागला त्याची. आप्पांनी तिथल्या तिथं बोअरच्या गाडीवाल्याला फोन लावला, 2009 ची वही ठेवली का म्हणून.