डाग दिसायच्या आधीच निकाल लागलेला असतो

महालक्ष्म्या तोंडावर आल्या की इंदूरच्या मराठी घरांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची चौकशी सुरू होते. ही गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखं काम करणारं औषध), 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. तारखेच्या तीन दिवस आधी ती सुरू करावी लागते. आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी, कंबर धरल्यावर घेतली तर बहुतेक वेळा फसते. दोष गोळीचा नाही. गर्भाशयाच्या अस्तरातली जनुकं तोवर कामाला लागलेली असतात.

बीज सुटल्यावर अंडाशयात उरलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन बनवतो. दिवस राहिले नाहीत तर तो दोनेक आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि त्यानं दाबून ठेवलेली दाहाची जनुकं मोकाट सुटतात. एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीकेंद्रात शिरून कॉक्स-2 आणि इंटरल्युकिन-8 यांची जनुकं चालू करतं. पहिल्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ही दाह वाढवणारी रसायनं तयार होतात, दुसरं पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं. इथवर परतीची वाट असते: माकडांवरच्या प्रयोगांत साधारण 36 तासांच्या आत प्रोजेस्टेरॉन परत दिलं तर रक्तस्राव टळला. एकदा एमएमपी ही कोलॅजन (अस्तराला धरून ठेवणारं प्रथिन) कापणारी विकरं सुटली, की मग गोळ्या घेऊन उपयोग नाही.

कळा येतात त्याही प्रोस्टाग्लँडिनमुळेच. मेफेनामिक अॅसिड हे वेदनाशामक कॉक्सला अडवतं, पण आधीच तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन पुसत नाही. म्हणून ते पहिल्या कळेलाच, पोहे-बिहे खाऊन घ्यावं; 'अगदीच सहन होईना तेव्हा बघू' हे धोरण इथं महागात पडतं. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते नको, आणि पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झाली असेल तर नॉरएथिस्टेरॉनही नको. दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

खरी कमाल पुढे आहे. अस्तर एकदम गळत नाही, तुकड्यातुकड्यानं गळतं. एका कोपऱ्यात पाडकाम चालू असताना शेजारी गिलावा सुरू झालेला असतो. रक्तवाहिन्या आवळल्यानं प्राणवायू कमी पडतो, तसा एचआयएफ-1 हा प्रथिन-घटक जागा होतो आणि नव्या रक्तवाहिन्यांसाठी व्हीईजीएफचं जनुक चालू करतो. अस्तर वाढवणारं संप्रेरक इस्ट्रोजेन तेव्हा तळाला असतं, तरी डागडुजी सुरू होते. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पृष्ठभाग झाकला जातो, व्रण न ठेवता.

अतिस्राव होणाऱ्या स्त्रियांच्या अस्तरात पाळीच्या वेळी हाच एचआयएफ-1 कमी आढळला आहे. एका पाळीत 80 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणं म्हणजे अतिस्राव. घरी मोजमाप कोण करणार? दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाच लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो.