लिनक्स चालवलं, की टाकलं?

पारोळ्याच्या मामांच्या जुन्या डेस्कटॉपवर मी पेनड्राइव्ह लावून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम) सुरू करून दिलं आणि ‘दोन दिवस वापरून बघा’ म्हणून निघून आलो. तिसऱ्या दिवशी फोन. “भाऊ, मना हिसाब कोठे गया?” कापूस वेचणीचा हिशोब, कोणी किती किलो वेचला, मामांनी डॉक्युमेंट्समध्ये नीट सेव्ह केला होता. दुपारी लाइट गेली. परत आल्यावर फोल्डर रिकामा.

चूक माझी. ते लिनक्स हार्ड डिस्कवर टाकलेलंच, म्हणजे इन्स्टॉल केलेलंच नव्हतं, पेनड्राइव्हवरून नुसतं चालत होतं. याला लाइव्ह म्हणतात. पेनड्राइव्हवरची सिस्टीम फक्त वाचली जाते, त्यावर काही लिहिलं जात नाही. आपण सेव्ह करतो ते रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीत बसतं. वीज गेली की रॅम कोरी. हाच हिशोब मामांनी हार्ड डिस्क उघडून तिच्यात ठेवला असता, तर टिकला असता.

गंमत अशी की लाइव्ह लिनक्स आणि टाकलेलं लिनक्स, दोन्ही दिसतात अगदी सारखी. तोच मेनू, तेच फायरफॉक्स, तेच लिबरऑफिस. ओळखायची खूण एवढीच: डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं चिन्ह दिसलं, तर अजून काहीही टाकलेलं नाही.

म्हणून लाइव्ह कमी दर्जाचं समजू नका. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का, हे विंडोजला धक्का न लावता कळतं. विंडोज सुरूच होत नसेल, तर जुने फोटो अन् कागदपत्रं बाहेर काढायला माझ्या मते याच्याइतकं सोयीचं काही नाही. वेगावरून मात्र निकाल देऊ नका. जुन्या यूएसबी 2.0 मधून सगळं वाचलं जातं, त्यामुळे रखडतंच. टाकल्यावर तेच मशीन बरंच मोकळं चालतं.

टाकताना मात्र हार्ड डिस्कवर लिहिलं जातं. ‘डिस्क पुसून टाका’ निवडलं की विंडोज गेलं, फाइलींसकट. विंडोजच्या शेजारी टाकायचा पर्याय असतो, पण त्यात हार्ड डिस्कवरच्या विभागांचा आकार बदलतो. मध्येच लाइट गेली तर विंडोजकडचा डेटा धोक्यात. आधी बॅकअप घ्याच, आणि यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळा. मिंट 22 ला किमान 2 जीबी रॅम लागते, 4 असली तर बरं, आणि मशीन 64 बिटचं हवं.

शेवटी ‘पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा’ अशा अर्थाची सूचना येते. ती पाळा, नाहीतर मशीन पुन्हा लाइव्हमध्येच उघडू शकतं.

मामांचा हिशोब चिठ्ठ्यांवरून पुन्हा मांडला. या वेळी निघताना पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता.