तक्रार एक, दारं दोन: सेक्स थेरपी आणि दाम्पत्य समुपदेशन एकत्र कसं आलं

सोलापुरात वीस वर्षांचा संसार झालेल्या जोडप्याची तक्रार सरळ वाटेने डॉक्टरपर्यंत येत नाही. नवरा 'कमजोरी आलीय' म्हणून औषधाच्या दुकानात गोळी मागतो. बायको कंबर दुखते, अंगावरून जातं, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. भांडण विकोपाला गेलं की दोन्हीकडची मोठी माणसं बसतात. त्या बैठकीत पैसा, दारू, सासू, माहेर सगळं निघतं, अंथरुणाचं तेवढं निघत नाही. दोष लाजेला देऊन मोकळं होता येतं. पण शरीर एका दारात आणि संसार दुसऱ्या दारात, ही वाटणी तज्ज्ञांनीही आपापल्या सोयीने केली होती.

महाराष्ट्रात सुरुवात खरं तर एकाच टेबलावर झाली. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक पत्राने विचारत आणि कर्वे छापून उत्तर देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी निकाल विरोधात गेला. वाचकाने खासगी शंका विचारावी आणि तिला शास्त्रीय उत्तर मिळावं, एवढाच तो गुन्हा होता.

पाश्चात्त्य देशांत याच काळात विवाह समुपदेशनाची केंद्रं निघाली: फिलाडेल्फियात १९३२, ब्रिटनमध्ये १९३८. तिथे बोलणं प्रामुख्याने घर, पैसा, स्वभाव यांवर होई, शरीराचं काही निघालं तर डॉक्टरकडे धाडत. मनोविश्लेषक त्याच तक्रारीसाठी एकट्या रुग्णाला वर्षानुवर्षं बोलवत आणि जोडीदार बाहेरच राही. जेम्स सीमन्स या मूत्रविकारतज्ज्ञाने १९५६ मध्ये शीघ्रपतनावर 'थांबा आणि पुन्हा सुरू करा' ही साधी पद्धत मांडली. तिला बायकोचा सहभाग लागत होता, म्हणजे दुसरी व्यक्ती उपचारात आलीच.

खरा बदल केला अमेरिकेतल्या सेंट लुईसचे डॉक्टर विल्यम मास्टर्स आणि त्यांच्या सहकारी व्हर्जिनिया जॉन्सन यांनी. १९६६ मध्ये त्यांनी संबंधाच्या वेळी शरीर कसं वागतं याची प्रयोगशाळेतली निरीक्षणं प्रसिद्ध केली, १९७० मध्ये उपचारपद्धती. रुग्ण नवरा नाही, बायकोही नाही, त्यांचं नातं हाच रुग्ण, असं त्यांनी ठरवलं. उपचारकही दोन, एक पुरुष आणि एक स्त्री. दोन आठवडे रोज भेट. या काळात संभोगाला बंदी आणि घरचा अभ्यास म्हणून टप्प्याटप्प्याने स्पर्श. बंदी हेच औषध होतं. जमेल की नाही या धास्तीने माणूस स्वतःचाच परीक्षक होऊन बसतो, आणि परीक्षाच रद्द झाली की शरीर सैल पडतं.

पण दोन आठवडे घरदार सोडून येणारी जोडपी मुळात एकमेकांवर बऱ्यापैकी खूश होती. मनात दहा वर्षांचा राग असलेल्यांना स्पर्शाचा अभ्यास दिला तर ते तो करतच नाहीत. मनोविकारतज्ज्ञ हेलन सिंगर कॅप्लान यांनी १९७४ मध्ये ही पद्धत आठवड्याला एक-दोन भेटींत बसवली आणि पुढे दाखवलं की सगळ्यात चिवट अडचण ताठरतेची नसते, इच्छेची असते. व्यायामाने इच्छा येत नाही. इथून दाम्पत्य समुपदेशन पुन्हा खोलीत शिरलं. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात मायकेल क्रो आणि जेन रिडली यांनी दोन्ही एकत्र गुंफलं. इच्छा कमी-जास्त असलेल्या जोडप्याने वाटाघाटी करून संबंधाचा वार ठरवायचा. जिथे एक जण कायम गप्प बसतो तिथे क्षुल्लक गोष्टीवर मुद्दाम भांडायचं, म्हणजे शेंगाचटणीत लसूण जास्त झाला यावर वीस मिनिटं. ऐकायला थट्टा वाटते. पण भांडणात बरोबरीने उभं राहता आलं की अंथरुणातला अबोला सुटतो, असा त्यामागचा हिशेब आहे. २००० मध्ये डॉ. रोझमेरी बॅसन यांनी मांडलं की दीर्घ नात्यात, विशेषतः स्त्रियांत, इच्छा बऱ्याचदा जवळीक सुरू झाल्यावर जागी होते. 'तिला कधी वाटतच नाही' या तक्रारीचं वजन त्याने निम्मं होतं.

मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्रा या गोळीला, मान्यता मिळाली आणि घड्याळ उलटं फिरलं. गोळी एकट्याने घेता येते. ती ताठरता देते, राग काढत नाही. कामेच्छा नसेल, स्पर्श नसेल, तर ती काम करत नाही आणि माणूस डोस वाढवतो. जड जेवणानंतर परिणाम उशिरा होतो. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो.

आपल्याकडे वाटणीवर कायद्याचाही ठसा आहे. १९५४ च्या कायद्याने कामशक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घातली, तरी भिंती आणि तंबू बोलतच राहिले. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशक दिले, पण तिथवर प्रकरण जाईपर्यंत 'संबंध ठेवत नाही' हे वाक्य अर्जात उतरलेलं असतं. कागदावर आलेलं लक्षण आरोप होतं, मग ते तपासायला कोणी धजत नाही. दरम्यान मुंबईत डॉ. प्रकाश कोठारी यांनी केईएम रुग्णालयात लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया १९४९ पासून काम करते आणि तिची शाखा सोलापुरातही आहे.

सोलापूरचं वेगळेपण घरात आहे. १८७७ च्या जुन्या गिरणीने हे कामगारांचं शहर केलं. यंत्रमागावर बारा तासांची पाळी, आठवड्याने रात्र-दिवस बदलतात. बायको दिवसभर मान वाकवून विड्या वळते. शहराजवळच्या कुंभारीत विडी कामगारांसाठी बांधलेल्या विडी घरकुलात किंवा जानेवारी २०२४ मध्ये पहिली पंधरा हजार घरं मिळालेल्या रे नगरात स्वतःचं दार आलं, पण मुलं मोठी आणि खोल्या मोजक्याच. म्हणून इथे जोडप्याच्या तक्रारीचा इतिहास विचारताना पहिला प्रश्न 'कोण कुठे झोपतं' हाच हवा. दुसरा प्रश्न भाषेचा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू यांपैकी ज्या भाषेत बाई मोकळी होते त्याच भाषेत बोलावं. नणंद किंवा मुलगी दुभाषी म्हणून बसली की ती बैठक वाया गेली.

उपचाराचा क्रम साधारण असा असतो. पहिली भेट दोघांची, तासभर. मग प्रत्येकाची स्वतंत्र, आणि वेगळं सांगितलेलं गुपित राहील की नाही हे आधीच स्पष्ट. मारहाण, धाक किंवा बळजबरी निघाली तर एकत्रित उपचार तिथेच थांबतात आणि आधी सुरक्षिततेचं बघावं लागतं. शरीराच्या तपासण्या टाळायच्या नाहीत: साखर, रक्तदाब, थायरॉईड, गरज असेल तर सकाळचं टेस्टोस्टेरॉन, शिवाय तंबाखू, दारू आणि चालू औषधं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी इच्छा आणि तृप्ती दोन्ही मंदावतात. पाळी गेलेल्या बाईला कोरडेपणामुळे दुखत असेल तर तिचा नकार स्वभावाचा नाही.

त्यानंतर स्पर्शाचा अभ्यास: आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं, आळीपाळीने. सुरुवातीला छाती आणि गुप्तांग वगळून, संभोग बंद. रात्रपाळीच्या आठवड्यात तो सकाळी, मुलं शाळेत गेल्यावर ठेवावा. बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. नवरा बंदी मोडतो आणि बायकोला पुन्हा फसल्यासारखं वाटतं. किंवा दोघंही 'वेळच मिळाला नाही' म्हणतात. दोन आठवडे वेळ मिळाला नाही तर अभ्यास बाजूला ठेवून राग कशाचा आहे हे विचारावं. सोलापुरात उत्तर बऱ्याचदा पगार कोणाच्या हातात जातो इथे निघतं. तो हिशेब दोघांनी मिळून लिहिला की चौथ्या-पाचव्या भेटीला अभ्यास पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करतात, जिथे थांबला होता तिथून नाही.