बोवी चाकू आणि मरीनचा मार्क २: टोक सारखे, घराणे वेगळे

जुन्या चाकूंच्या बाजारात एक सरसकट समज रूढ आहे. पात्याची पाठ टोकाजवळ आतल्या बाजूला कापून घेतलेली, म्हणजे क्लिप पॉइंट, दिसली की तो चाकू बोवी. त्यात मूठ आणि पाते यांच्यामध्ये आडवी पट्टी असली आणि पाते वीतभराच्या आसपास भरले, की एकोणिसाव्या शतकातला बोवी आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन कोअरने वाटलेला, कॅबार या नावाने प्रसिद्ध असलेला मार्क २ चाकू एकाच नावाखाली विकले जातात. दोघांच्या टोकात साम्य आहे हे खरे. पण बोवी हा कोणत्याही नियमाविना वाढलेला प्रकार आहे आणि मार्क २ ही लेखी नमुन्याप्रमाणे बनवून घेतलेली सरकारी वस्तू आहे. अस्सल-नक्कल ओळखण्याची रीत या एका फरकावर ठरते, आणि वापराविषयीचे बरेच प्रश्नही त्यानेच सुटतात.

बोवीची ख्याती सुरू झाली ती १९ सप्टेंबर १८२७ रोजी, मिसिसिपी नदीतल्या नॅचेझजवळच्या वाळवंटावर. एका द्वंद्वयुद्धानंतर तिथे उसळलेल्या मारामारीत, ज्याच्या नावाने हा चाकू ओळखला जातो तो जेम्स बोवी जबर जखमी झाला आणि तशाही अवस्थेत त्याने मोठ्या चाकूने प्रतिस्पर्ध्याला ठार केले. तो चाकू कसा होता याचे वर्णन त्याचा भाऊ रेझिन याने १८३८ मध्ये लिहून ठेवले: सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकाच बाजूला धार आणि पात्याला वळण नाही. आज ज्या टोकावरून आपण बोवी ओळखतो, त्याचा या वर्णनात मागमूस नाही. रेझिनने त्या मारामारीनंतर बॅटन रूजच्या डॅनियल सर्ल्स आणि फिलाडेल्फियाच्या हेन्री शाइव्हली यांच्यासारख्या कारागिरांकडून करवून घेतलेले चाकू पाहिले, तर एखाद्या नवख्याला ते खाटकाच्या सुऱ्यासारखे वाटतील. १८३८ मध्येच अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने बोवीच्या विक्रीवर बंदी आणली, तेव्हा कायद्यालाही नेमकी व्याख्या करता आली नाही. आकार, घडण वा मापाने बोवीशी साधर्म्य असलेला कोणताही चाकू, असेच शब्द वापरावे लागले. त्यामुळे क्लिप पॉइंट नाही म्हणून एखादा जुना चाकू बोवी नव्हे, असे ठरवणे हीच संग्राहकाची पहिली चूक ठरू शकते.

मागणी वाढली तशी इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारखानदारांनी अमेरिकी बाजारपेठ भरून काढली. आय-एक्सएल ही खूण असलेला जॉर्ज वोस्टनहोमचा कारखाना त्यांत अग्रगण्य होता. या चाकूंच्या मुठी हाडाच्या, शिंगाच्या, शिंपल्याच्या. पट्ट्या पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूच्या. पात्यांवर आम्लाने कोरलेल्या घोषणा. दोन चाकू तंतोतंत जुळतीलच असे नाही, म्हणून विसंगतीवरून नक्कल सिद्ध होत नाही. येथे भिंग लावायचे ते मुठीलगतच्या, धार न लावलेल्या भागातल्या ठशावर. मुकुटाच्या दोन्ही बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरे असतील, तर ती व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळाकडे बोट दाखवतात. इंग्लंड हे देशनाम उमटलेले असेल, तर बहुधा चाकू १८९१ नंतरचा आहे, कारण १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले होते. विक्रेता अमेरिकी यादवी युद्धाची (१८६१ ते १८६५) कहाणी सांगत असताना ठशात हा शब्द दिसला, तर कहाणी ऐकून घ्यावी आणि पैसे खिशातच ठेवावेत.

मार्क २ ची गोष्ट छोटी आणि कागदोपत्री आहे. मरीन दलाने तो नोव्हेंबर १९४२ मध्ये स्वीकारला. पाते ७ इंच, एकूण लांबी १२ इंचांच्या किंचित आत, जास्त कार्बनचे पोलाद, परावर्तन टाळणारा गडद थर, पात्याच्या अंगावर पन्हळ आणि चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ. ही ठेवण बोवीपेक्षा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी शिकारी चाकूंना जवळची आहे, आणि माझ्या मते त्याला ‘लष्करी बोवी’ म्हणणे निव्वळ विक्रीची सोय आहे. कॅबार हे नाव युनियन कटलरी कंपनीच्या मालावर असे. पण कॅमिलस, रोबसन आणि पाल यांनीही हाच नमुना बनवला, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा ठसा दिसला म्हणून चाकू नकली ठरत नाही.

नमुना ठरलेला असल्यामुळे इथे बोवीच्या उलट न्याय लागतो: प्रत्येक विसंगतीचे उत्तर मागावे. यूएसएमसी (मरीन कोअर) किंवा यूएसएन (नौदल) ही अक्षरे आणि निर्मात्याचे नाव कुठे पात्यावर, तर कुठे आडव्या पट्टीवर असते. मुठीच्या टोकाची गोल चकतीही तपासावी. काही चाकूंत ती आट्यांनी कसलेली, काहींत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, वर ठोकून पक्की केलेली आणि काहींत आरपार खिळीने अडकवलेली असते. हे तिन्ही प्रकार युद्धकाळातलेच आहेत, मात्र जोड अलीकडे उघडल्याच्या ताज्या खुणा दिसल्या, तर मूठ नंतर बदलली असण्याची शक्यता मोठी. अडचण होते ती व्हिएतनाम युद्धात सैनिकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या, वेस्टर्न कंपनीच्या डब्ल्यू-४९ सारख्या मोठ्या बोवी चाकूंची. त्यांवर सरकारी खूण नसते, म्हणून त्यांना लष्करी म्हणायचे तर सैनिकाचे पत्र, छायाचित्र असा काही पुरावा हवा.

वापरायच्या दृष्टीने दोघांचा तोल वेगळा आहे. मोठ्या बोवीचे वजन पात्याकडे झुकते आणि घाव घालताना ते उपयोगी पडते. मात्र शेफिल्डचे पुष्कळ नमुने पातळ आणि शोभिवंत असल्याने कष्टाच्या कामासाठी ते कधीच नव्हते. मार्क २ डबे फोडणे, खणणे, खुंट्या ठोकणे अशा कामांत सैनिकांच्या हाती टिकला. तरीही त्याची शेपटी अरुंद आहे आणि ती पात्याला मिळते तिथले कोपरे ताण सोसत नाहीत, म्हणून पाठीवर ओंडक्याने ठोकून लाकूड फोडण्यासाठी जुना नमुना वापरू नये. त्याच घडणीचे नवे चाकू आजही बनतात. राबवायचे तर त्यांना राबवावे.

निगा राखताना सर्वांत जास्त नुकसान उत्साहाने होते. पॉलिशच्या चाकावर घासून चकचकीत केलेल्या पात्यावरचा ठसा बोथट होतो, मूळ थर जातो आणि किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते. लाल, भुकटीसारखा गंज हलक्या तेलाने आणि मऊ कापडाने काढावा. काळपट, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्यावा. चामड्याच्या चकत्यांना तेल पाजू नये, त्या फुगून सैल पडतात. मेणाचा पातळ हात पुरतो. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नये, कारण चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्यात धरलेला ओलावा यांमुळे पोलाद गंजते आणि बोवीच्या पितळी पट्टीवर हिरवी पुटे चढतात. नौदलाच्या मार्क २ बरोबर येणाऱ्या राखाडी, कडक म्यानात कमावलेल्या चामड्याचा हा त्रास नसतो. ओलावा मात्र त्यातही साचतो, म्हणून पाते कोरडे करून, तेलाचा हात फिरवून आणि म्यानाबाहेरच ठेवावे.