रेघांचा गुंता आणि ग्राफव्हिझ

‘पीठ -> कणीक; पाणी -> कणीक; कणीक -> पोळी; तवा -> पोळी’. महिरपी कंसात एवढंच लिहून, कंसाआधी ‘digraph’ हा शब्द घालून ‘डॉट’ या संगणक प्रोग्रामला द्या, नीटस आकृती तयार. कोणती चौकट कुठे ठेवायची हे आपण सांगतच नाही. डॉट हा ग्राफव्हिझ या आकृत्या काढणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअर संचाचा एक भाग. अमेरिकेतल्या एटी अँड टी बेल लॅब्समधल्या चार संशोधकांनी त्याची रीत १९९३ साली सविस्तर मांडली. तिचा पाया जपानच्या कोझो सुगियामा आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये घातला होता.

आधी ओळी ठरतात. बाण वरून खाली जावेत आणि त्यांची एकूण लांबी कमीत कमी व्हावी, हा नियम. म्हणून पीठ-पाणी सगळ्यात वर जातात, पण तवा त्यांच्या शेजारी न बसता कणकेच्या ओळीत उतरतो. तो पोळीच्या वेळीच लागतो, हे डॉटला कुणी शिकवलेलं नाही!

खरी डोकेदुखी पुढे आहे. एका ओळीत दहा चौकटी असतील, तर त्यांचे क्रम लावता येतात ३६,२८,८०० तऱ्हांनी. त्यातला कमीत कमी रेघा एकमेकींना छेदणारा क्रम शोधायचा. मोठ्या जाळ्यात तो हमखास आणि झटपट शोधणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. डॉट त्या फंदात पडत नाही. वरच्या ओळीत ज्यांच्याशी नातं आहे त्यांच्या मधोमध चौकट सरकवायची, मग खालून वर तेच, शेजारच्या जोड्या अदलून बघायच्या. अशा २४ फेऱ्यांत जे बरं निघेल ते घ्यायचं. मला हा व्यवहारीपणा आवडतो.

रेघांना दिशा नसेल तर याच संचातलं ‘नीटो’ वापरतात. ते रेघांना स्प्रिंगा मानतं आणि ताण कमीत कमी होईपर्यंत ठिपके हलवत राहतं. तिथे जवळचे ठिपके बहुधा नात्यानेही जवळचे असतात. हजारो ठिपके झाले की मात्र नुसता लोकरीचा गुंडा दिसतो.

डॉटची आकृती वाचताना डोळा फसतो. कोण वर, कोण खाली याला तिथे अर्थ आहे. शेजारीशेजारी बसलेल्या दोन चौकटींचा मात्र एकमेकींशी काडीचाही संबंध नसू शकतो. रेघा कमी छेदाव्यात म्हणून त्या तिथे बसवलेल्या असतात.