थेरपीत हात कुणाचा हलतोय ते बघा

सेरेब्रल पाल्सी म्हणजे पायाचा आजार असं अजूनही खूप लोकांना वाटतं, कारण दिसतं तेच ना, पाय ताठ, टाचा वर, मूठ बंद. पण इजा मेंदूत असते. पोटात असताना, जन्मताना किंवा सुरुवातीच्या काळात मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते, ती पुढे वाढत नाही पण तिथनं स्नायूंना जाणारे निरोप बिघडलेलेच राहतात. हजार जन्मांमागे साधारण २ ते ३ मुलं, म्हणजे हे दुर्मिळ अजिबात नाही.

मग काय होतं, तर आईबाबा पोराला कडेवर घेऊन कळव्याहून नाहीतर ऐरोलीहून रिक्षा, लोकल, परत रिक्षा करत थेरपीला जातात, तिथे पाऊण तास कोणीतरी त्याचे पाय ओढून ताणून देतं, पोर रडतं, घरी येईपर्यंत सगळे गळून गेलेले. ह्या माणसांच्या कष्टांपुढे मी खरंच हात जोडते, आणि म्हणूनच सांगावंसं वाटतं की नुसतं ताणून किंवा मालिश करून मूल नवीन हालचाल शिकत नाही. मेंदू शिकतो तो मुलाने स्वतः केलेल्या प्रयत्नातून, तेही त्याला हवंसं वाटणाऱ्या कामात आणि पुन्हा पुन्हा केल्यावर.

हे कळलं कसं, तर एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडांच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. माकडांनी तो हात वापरणंच सोडलं. पण चांगला हात बांधून ठेवला तर तीच माकडं 'निकामी' हात वापरायला लागली! म्हणजे हात अगदीच गेला नव्हता, तो न वापरायची सवय लागली होती. आज एका बाजूने अधू असलेल्या मुलांच्या चांगल्या हातात काही आठवडे, रोज ठरावीक वेळ मोजा घालून दुसऱ्या हाताने खेळायला लावतात ते ह्यातूनच आलं. (घरी स्वतःच्या मनाने हात बांधू नका प्लीज, हे थेरपिस्टच्या देखरेखीतच.) पण डब्याचं झाकण उघडणं, दाराची बेल वाजवणं, पाव हातात धरून खाणं हे घरी रोज होऊ शकतं. पोराला वेळ लागेल, सांडेल, तरी त्यालाच करू द्या.

वाट बघत बसू नका हे तर शंभरदा सांगेन. तज्ज्ञांना बाळाच्या हालचाली बघून सहा महिन्यांच्या आत अंदाज येऊ शकतो. वर्षाच्या आतलं बाळ सतत एकाच हाताने खेळणी घेत असेल तर 'आमचा डावखुरा होणार' म्हणून कौतुक करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

गॅलरीतून पडून किंवा बाईकच्या अपघातात डोक्याला मार लागलेल्या मुलांचं वेगळंच. 'लहान आहे, भरून निघेल' हे निम्मंच खरं आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग विशी ओलांडेपर्यंत तयार होत असतो, त्यामुळे पहिलीत ठीक वाटलेलं मूल पाचवीत, अभ्यास आणि स्वतःचं स्वतः आवरणं अंगावर आलं की अडखळतं, चिडतं, विसरतं, आणि सगळे त्याला आळशी म्हणतात. जुना मार कोणाच्या लक्षातही नसतो! शाळा बदलली, बाई बदलल्या तरी हे प्रत्येक वेळी सांगा.

मदत जवळ आहे. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला एनआयईपीआयडी ह्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, आणि २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांमध्ये तपासणी होते. सेरेब्रल पाल्सी असेल तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा जरूर काढा, वर्षाला १ लाखापर्यंतचं कवच मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. त्यासाठी अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, ते आधी काढून घ्या.